वर्तमानपत्र काढून घेऊ नका



कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या ज्येष्ठांच्या घरी गेलो, की बाहेर पडताना अंगणात कोणीतरी मला थांबवते. कधी पत्नी असते, कधी सून, कधी मुंबईहून रजा काढून आलेला मुलगा. आवाज खाली आणून विचारले जाते, "डॉक्टर, यांचं वर्तमानपत्र बंद करू का? सकाळी पेपर हातात घेतला की सुरू होतात. सरकार, रस्ता, वीज, पुढारी, कोणालाच सोडत नाहीत. एवढा मोठा आजार अंगात आणि हा संताप! याने रोग वाढणार नाही ना?"

या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. रागाने कर्करोग वाढतो का, हा पहिला. आणि मृत्यूची सावली घरावर पडलेली असताना या माणसाला देशाच्या कारभाराची एवढी चिंता कशासाठी, हा दुसरा. आजच्या लेखात या दोहोंचा विचार करू.

संतापाने रोग वाढतो का?

आपल्याकडे एक समजूत खोलवर रुजली आहे, की मन प्रसन्न ठेवले तर कर्करोग हटतो आणि चिडचिड केली तर तो पसरतो. समजूत वरवर निरुपद्रवी दिसते, पण तिच्या पोटात क्रौर्य आहे. कारण उपचारांना यश आले नाही, तर दोष रुग्णाच्या माथी येतो. "तुम्ही मन शांत ठेवलं नाहीत" हे वाक्य मी मरणासन्न माणसाच्या उशाशी बोललेले ऐकले आहे.

या समजुतीची शास्त्रीय तपासणी झालेली आहे. अमेरिकेत डोके व मान या भागांतील कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उपचारांच्या आरंभी त्यांची मानसिक अवस्था कशी होती, याची नोंद घेऊन पुढे कोण किती काळ जगले ते पाहिले गेले. मनाने सुस्थितीत असलेले अधिक जगले आणि खचलेले लवकर गेले, असे आढळले नाही. त्यापूर्वी २००१ साली कॅनडातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. शरीरात इतरत्र पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांना दर आठवड्याला एकत्र बसवून मनातले भय, दुःख, राग मोकळेपणाने बोलू दिले गेले. आयुष्य त्यामुळे लांबले नाही. परंतु मनाचा भार हलका झाला आणि वेदनेचा त्रासही कमी जाणवला. ज्या स्त्रिया आरंभी अधिक त्रासलेल्या होत्या, त्यांना हा लाभ विशेष झाला.

या दोन अभ्यासांतून आपल्यापुरते एवढे घ्यावे, की संताप व्यक्त केल्याने कर्करोग वाढतो याला आधार नाही आणि मन मोकळे केल्याने उरलेले दिवस सुसह्य होतात याला आहे. बार्बरा एहरनराईक या अमेरिकन लेखिकेला २००० साली स्तनाचा कर्करोग झाला. उपचारांच्या काळात ज्याने त्याने "हसत राहा, सकारात्मक राहा" असा उपदेश करावा, याचा तिला विलक्षण राग आला आणि २००१ साली तिने त्यावर एक खरमरीत लेख लिहिला. ती त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ जगली व २०२२ मध्ये वारली. तिच्या रागाने तिला तारले असे मी म्हणणार नाही. रागाने तिला मारले नाही, एवढे मात्र उघड आहे.

अर्थात रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या माणसाच्या बाबतीत संतापाचा विचार वेगळा करावा लागतो. तो रक्तदाब मोजून करावा, अंदाजाने नव्हे.

देशाची चिंता कशासाठी?

काही माणसांच्या आयुष्याचा धागाच सार्वजनिक व्यवहारात गुंफलेला असतो. पक्षभेद क्षणभर बाजूला ठेवून पाहा. शरद पवार यांना तोंडाचा कर्करोग असल्याचे २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत समजले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी केंद्रात कृषिखात्याची जबाबदारीही घेतली. तंबाखूच्या सवयीबद्दल त्यांनी पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असतानाच त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला ते गेले. आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, साठीही पूर्ण होण्याआधी गेले. एकाचा आजार मागे हटला, दोघांचा हटला नाही. कामात गुंतल्याने रोग बरा होतो असा निष्कर्ष यातून निघत नाही. पण आजार अंगात असताना मनाने चारचौघांच्या जगात वावरणे हा वेडेपणा नव्हे, हे मात्र दिसते.

सामान्य माणसाकडे मंत्रिपद नसते. त्याच्याकडे वर्तमानपत्र असते, पडवी असते आणि शेजारचे दोन श्रोते असतात. आमच्या गुहागर तालुक्यात तर सार्वजनिक विषयांची वाण नाही. एन्रॉनचा वीजप्रकल्प आमच्या उशाशी आला, २००१ साली बंद पडला आणि पुढे दुसऱ्या नावाने उभा राहिला. त्यावरचे वाद अजून पारावर रंगतात. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. त्यानंतर जन्मलेली मुले हायस्कुलात पोहोचली तरी तो विषय संपलेला नाही. ज्या रुग्णाला केमोथेरपीनंतर मळमळणाऱ्या पोटाने याच रस्त्यावरून खड्डे खात घरी यावे लागते, तो रस्त्याविषयी बोलला तर त्याला चिडचिड कसे म्हणावे? ती त्याच्या आजाराचीच हकीकत आहे.

तात्यांचा रस्ता

एका रुग्णाविषयी लिहितो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. त्यांना आपण तात्या म्हणू. वय एकाहत्तर. तीस वर्षे एस.टी. चालवलेली, त्यातली बरीचशी मुंबईच्या फेरीवर. डाव्या गालाच्या आत तंबाखू धरण्याची जुनी सवय. तिथेच व्रण झाला, तुकडा तपासला, कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार ठरले. आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे.

घरच्यांनी तात्यांना सांगितले, "दाढेच्या मुळाशी गाठ आहे, शेक द्यायचा आहे." मुलाने मलाही विनवले, "डॉक्टर, तो शब्द त्यांच्यापुढे उच्चारू नका." मी त्याला सांगितले, की मी होऊन विषय काढणार नाही, पण त्यांनी विचारले तर खोटे सांगणार नाही.

त्या दिवसांत तात्यांचा संताप ऐन भरात होता. कोणत्या वळणावर भराव खचणार, कोणत्या पुलाचे काम का अडले, पहिल्या पावसात परशुराम घाटाचे काय होणार, हे ते चालकाच्या अधिकाराने सांगत आणि मग संबंधितांचा उद्धार करीत. सुनेला धास्ती वाटे. मुलाने तर वर्तमानपत्र बंद करण्याचे ठरवूनच टाकले होते. चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलल्यासारखे झाले. बोलणे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी नातवाची वही मागून घेतली आणि बातमीखाली आपला शेरा लिहायला सुरुवात केली.

मी व्रण पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी ती वही माझ्यापुढे सरकवली. लिहिले होते, "रस्त्याबद्दल तरी घरातले माझ्याशी खरं बोलतात. गालाबद्दल कोण बोलत नाही." खाली एक ओळ सोडून लिहिले होते, "कॅन्सर ना?"

मी मान हलवून होय म्हटले आणि पुढचे सगळे, म्हणजे किती पसरला आहे, उपचारांतून काय अपेक्षित आहे, काय सांगता येत नाही, ते त्यांच्या मुलाच्या देखत सांगितले. तात्यांनी डोळे मिटून घेतले. मुलगा रडला. तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बसक्या, अस्पष्ट स्वरात ते एवढेच म्हणाले, "रुग्णालयात दारावरच पाटी आहे रे. मला वाचता येतं."

महामार्गाविषयीचा त्यांचा राग त्यानंतर संपला असे समजू नका. तो होता तसाच राहिला, कारण महामार्गही होता तसाच राहिला. परंतु त्या रागाला जी एक कडवट धार चढली होती, जिच्यामुळे सुनेने पेजेची वाटी पुढे केली तरी ते भांडे ढकलून देत, ती बोथट झाली. सुनेवर ओरडणे थांबले. निर्णय आता त्यांना विचारून होऊ लागले. पुढची तपासणी कधी करायची, मुंबईला जायचे की नाही, जमिनीच्या कागदांचे काय करायचे, हे सारे.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी यावरून एक गोष्ट जरूर तपासावी. आपल्या घरातला रुग्ण ज्या विषयावर चिडतो, तो विषय खरा असेलच, पण ज्या विषयावर त्याला चिडण्याची मुभा नाही, असा दुसरा एखादा विषय घरात आहे का?

राग कोणावर निघतो?

घरोघरी मी एक साधी मर्यादा सांगतो. सरकारवर रागवावे, सुनेवर रागवू नये. सार्वजनिक गोष्टींवरचा संताप ऐकून घ्यावा. वाद घालण्याची गरज नाही, हो ला हो मिळवण्याचीही नाही. "तुम्ही त्या रस्त्यावर गाडी चालवायचात तेव्हा कसं होतं?" असा एखादा प्रश्न विचारला, तर राग आपोआप आठवणीकडे वळतो. मात्र जेवण वाढणाऱ्या, अंग पुसणाऱ्या, रात्री उठणाऱ्या व्यक्तीचा अपमान होत असेल, तर तो आजाराच्या नावाखाली खपवून घेऊ नये. घरातील दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो रुग्णाच्या बरोबरीच्या माणसाने, शांतपणे तसे सांगावे. शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते आणि तिचा स्वतःचा संताप ऐकायला कोणीच नसते. आठवड्यातून एक दुपार तिला पूर्णपणे मोकळी मिळेल अशी व्यवस्था करा.

ज्येष्ठ रुग्णवाचकांनाही एक विनंती. राग आवरता येत नाही असे वाटले, तर तो कागदावर उतरवा. तात्यांप्रमाणे शेरे लिहा. वाटल्यास कोणाला दाखवा, वाटल्यास फाडून टाका.

औषधामुळे येणारी चिडचिड

सगळाच राग मनातून येत नाही. केमोथेरपीबरोबर उलटी होऊ नये म्हणून बहुधा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले जाते. त्याने दोन-तीन दिवस झोप उडते, माणूस अस्वस्थ होतो, बडबड वाढते आणि मधुमेहींची साखर चढते. दर वेळी केमोनंतरच्या दोन दिवसांतच संताप उसळत असेल, तर दिवस लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी सकाळी घेण्याने अनेकदा फरक पडतो. परंतु ती आपल्या मनाने बंद करू नका.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे स्वभावात अकस्मात झालेला पालट. शांत माणूस एकाएकी शिवीगाळ करू लागला, दिवस-रात्र कळेनासे झाले, संध्याकाळनंतर असंबद्ध बोलणे सुरू झाले, सोबत डोकेदुखी, उलटी, एखाद्या हातापायातली शक्ती जाणे असे काही असले, तर त्याला "आजारपणाचा वैताग" म्हणून सोडून देऊ नका. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, कॅल्शियम वाढणे, वेदनाशामक औषधांचा परिणाम किंवा मेंदूत पसरलेला रोग, यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पारावर जाऊन बसण्याविषयीही विचारले जाते. अवश्य जावे. फक्त केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी कमी असतात, तेव्हा गर्दी टाळावी. यात्रा, लग्न, सभा नकोत. उघड्यावर, दोघा-तिघांत, सर्दी-खोकला नसलेल्या मित्रांबरोबर बसण्यास हरकत नसते. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच उपचार करणाऱ्या रुग्णालयाला कळवा.

किरणोपचारांनी तोंड आल्यास बोलणे, गिळणे दोन्ही अवघड होते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. कोकम, तिखट, गरम पदार्थ काही काळ बाजूला ठेवावेत. पेज, मऊभात, दूध, मऊ शिजवलेले अंडे चालते. वेदना सहन करण्यात पुरुषार्थ नाही. वेदनाशामक औषध मागून घ्यावे. ज्याचे तोंड दुखते त्याला जगाचा राग येणारच.

बातम्या किती?

वर्तमानपत्र वाचणे आणि दूरचित्रवाणीवरील वादावादी रात्री दहापर्यंत पाहणे यांत फरक आहे. वर्तमानपत्र माणूस आपल्या गतीने वाचतो, घडी घालून बाजूला ठेवतो. पडद्यावरचा आरडाओरडा संपतच नाही आणि झोप घालवतो. सकाळी वर्तमानपत्र मनसोक्त वाचावे. झोपण्यापूर्वी किमान एक तास बातम्या नकोत. मोबाइलवर येणाऱ्या "कर्करोगावर रामबाण" मजकुराच्या आहारी जाऊन कोणताही पाला, काढा, चूर्ण सुरू करू नये. घ्यायचेच असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे.

रागाला काम द्या

ज्या संतापाला काहीच करता येत नाही, तो अधिक जाळतो. म्हणून त्याला छोटे, हातात येणारे काम द्यावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. घरबसल्या असा अर्ज लिहिणारा माणूस निकामी नसतो.

हक्काच्या सवलतींचा पाठपुरावाही रुग्णाकडेच सोपवून पाहा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार समाविष्ट आहेत. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून लागू झाले आहे. उपचारांसाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान व वातानुकूलित तृतीय वर्गात पूर्ण, तर सोबत्याला पाऊण सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे. प्रत्येक वेळी मुंबई गाठलीच पाहिजे असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. कोणता टप्पा जवळ करता येईल, हे आपल्या तज्ज्ञांना विचारावे.

आणि राग थांबला तर?

शेवटी एक सूचना, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रोज गरजणारा माणूस एके दिवशी गप्प झाला, वर्तमानपत्र घडीही न मोडता तसेच पडून राहिले, शेजारी आले तरी "बसा" म्हणून मान वळवली, तर "बरे झाले, शांत झाले" असे म्हणून सुस्कारा सोडू नका. त्याच्याजवळ बसा आणि दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत मन सारखे उदास, निराश वाटते का? पूर्वी ज्यात रस वाटे, त्यातला रस गेला आहे का? एकाचेही उत्तर होय आले, तर डॉक्टरांना कळवा. कर्करोगाबरोबर येणारे नैराश्य हा वेगळा आजार आहे, त्यावर औषधे आहेत, समुपदेशन आहे आणि वृद्धापकाळीही त्यांचा उपयोग होतो. जगण्यात अर्थ नाही असे काही बोलणे आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

तेव्हा उद्या सकाळी पेपर येईल, तो नेहमीच्या जागी ठेवा. चष्मा पुसून शेजारी ठेवा. तोंड दुखत असेल तर मथळे मोठ्याने वाचून दाखवा आणि एक वही, एक पेन्सिल हाताशी असू द्या. दहा मिनिटे ऐका. मग गोळ्यांची वेळ झाली की, बातमी अर्धी राहिली तरी, पाण्याचा पेला पुढे करा.